‘हुबेहूब’ : गीतरामायणाचे प्रयोग आणि मूळ प्रतीचा प्रश्न

साधारण तीस वर्षांपूर्वी एका जिल्हा दैनिकात मी एक परीक्षण लिहिले होते. रामनवमीनिमित्त आमच्या गावातल्या राममंदिराच्या पटांगणात झालेल्या गीतरामायणाच्या कार्यक्रमाचे. गाव धाराशिव, तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद. गाणारा संच हौशी होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी मुख्य गायक आणि हार्मोनियमवर तेच, त्यांची भावजय स्त्री-गायिका, तबल्याला उरुसात कव्वालांच्या साथीला बसणारा एक वादक, बेंजोवर लग्नाच्या बँडमधला एक मुलगा, आणि निवेदनाला मराठीचे एक निवृत्त शिक्षक. कार्यक्रम रंगला. लोक बारा वाजेपर्यंत उठले नाहीत. शेवटी माझ्या शेजारचे एक वकील उभे राहून म्हणाले, ‘‘अगदी बाबूजी! डोळे मिटले की बाबूजीच!’’ मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात शिकवू लागलो होतो, सौंदर्यशास्त्राची पुस्तके ताजी वाचलेली होती, आणि ते ‘अगदी बाबूजी’ माझ्या डोक्यात गेले. परीक्षणात मी लिहिले की हा प्रयोग नव्हता, प्रयोगाची सावली होती. ज्या समाजात ‘हुबेहूब’ ही सर्वोच्च दाद असते तिथे कलावंत जन्माला येत नाही, नकलाकार येतो. आणि ध्वनिफीत घरी असताना पटांगणात डास चावून घेण्याचे कारण काय?

चार दिवसांनी गुरुजी घरी आले. भांडायला आले असतील असे वाटून मी मनात उत्तरे जुळवू लागलो. त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘‘सर, तुम्ही जाणकार आहात. कुठं कुठं चुकलं तेवढं सांगा. दुरुस्त करू.’’

माझा आक्षेप असा होता की त्यांनी नक्कल का केली. त्यांनी वाचला तो असा की नक्कल नीट जमली नाही. आम्ही दोघे एकाच शब्दाच्या दोन टोकांना बसलो होतो. त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत बोललो, चहा झाला, ते गेले. पण त्या वहीने माझा आक्षेप हळूहळू कसा पोखरला ते इथे मांडायचे आहे. मांडणी गीतरामायणाच्या आधारे करतो, कारण एखादी ध्वनिमुद्रित कृती पहिल्या गाण्यापासून क्रमाने, तिच्याच चालीत, तिच्याच वळणाने रंगमंचावर पुन्हा उभी करायची, या प्रकाराचे मराठीत याहून ठळक उदाहरण नाही. पाश्चात्त्य रॉक संगीतात या प्रकाराचा आता एक स्वतंत्र धंदा झाला आहे. त्याकडेही वळेन.

आधी इतिहास, कारण ‘मूळ’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. गीतरामायणाची कल्पना पुणे आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांची. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, प्रक्षेपित झाले. दर आठवड्याला एक असे करत ५२ गीतांची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आला आणि संख्या ५६ झाली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. ही तपशिलाची उजळणी एवढ्यासाठी की त्या मालिकेत गाणारा गळा एक नव्हता. फडके होतेच, पण माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर अशी मोठी यादी आहे. त्यागलेल्या सीतेचे एक गीत लता मंगेशकरांनी गायले. प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या तोंडी आहे, आणि आकाशवाणीवर ती पात्रे वेगवेगळ्या आवाजांत बोलत होती. रचनेच्या दृष्टीने ते श्रुतिनाट्य होते, फक्त हप्त्याहप्त्याने ऐकू येणारे.

पुढे फडके यांनी ही सगळी गीते एकट्याने मैफलीत गायला सुरुवात केली, आणि त्यांच्याच आवाजात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. कौसल्या, शूर्पणखा, निषादराज, हनुमान, सीता, सगळे एका गळ्यात आले. मराठी घरांत, देवळांत, सकाळच्या ध्वनिक्षेपकांवर जे गीतरामायण रुजले ते हे. वकिलांनी ज्यांना ‘अगदी बाबूजी’ म्हटले ते बाबूजी या दुसऱ्या आवृत्तीतले. थोडक्यात, आपण ज्याला मूळ मानतो ती स्वतः संगीतकाराने केलेली एक पुनर्निर्मिती आहे. आकाशवाणीची पहिली आवृत्ती त्या पूर्ण गायकवृंदासह रंगमंचावर कधी सलग उभी राहण्याजोगी नव्हतीच. ती वर्षभर पसरलेली होती.

आमच्या जिल्ह्याच्या बाबतीत तर हे अंतर आणखी मोठे. १९५५ साली उस्मानाबाद हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तोवर मालिका संपून सहा महिने झाले होते. पुण्याहून निघणारा हा कार्यक्रम आमच्यासाठी अक्षरशः परराज्यातला होता. माझ्या वडिलांच्या पिढीत रेडिओ असणे हीच अपूर्वाई होती. त्यामुळे इथल्या माणसाला गीतरामायण प्रथम भेटले ते छापील पुस्तकातून, मग तबकडीवरून आणि सर्वांत जास्त कोणा गुरुजींच्या, कोणा हौशी कारकुनाच्या गळ्यातून. पुष्कळांनी नक्कल आधी ऐकली आणि अस्सल नंतर. अशा श्रोत्याला ‘मूळ’ ऐकल्यावर काय वाटत असेल? माझ्या एका मामांना फडक्यांची ध्वनिफीत ऐकून वाटले होते की ‘हे आपल्या देशमुख मास्तरांसारखंच म्हणतात की!’ आम्ही भाचे खूप हसलो होतो. आता तेवढे हसू येत नाही.

मराठीत ‘चाल’ नावाचा एक फार उपयोगी शब्द आहे. जुनी भजनांची, मेळ्यांच्या पदांची पुस्तके उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ लिहून दुसऱ्या कोणत्या तरी पदाचे नाव दिलेले असते. म्हणजे चाल ही शब्दांपासून आणि गळ्यापासून सुटी काढता येणारी, उसनी देता-घेता येणारी वस्तू होती. तुळजापूरला नवरात्रात आलात तर आराधी मंडळी आजही हेच करताना दिसतील. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि देवीचे गाणे एखाद्या चालू सिनेमाच्या चालीवर. गोंधळी संबळ-तुणतुण्यावर जे कथानक लावतात त्याचीही ‘अस्सल प्रत’ कुठे ठेवलेली नसते. बापाने गायले तसे मुलगा गातो, आणि ‘तसे’ या शब्दात बरीच जागा असते. तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग प्रत्येक दिंडी आपापल्या वळणाने म्हणते आणि कोणी कोणाला नकलाकार म्हणत नाही.

ध्वनिमुद्रिकेने ही सुटी वस्तू गोठवली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानच्या गाण्यांचे मुद्रण झाले तेव्हापासून चाल, शब्द, गळा, साथ, आणि साडेतीन मिनिटांची लांबी, हे सगळे एकत्र वितळून एक लगड झाली. त्यापूर्वी नक्कल चालीची होत होती. त्यानंतर ती गळ्याची होऊ लागली, श्वास कुठे घेतला याची होऊ लागली, गाण्यांच्या मधल्या व्हायोलिनच्या तुकड्याचीही होऊ लागली. बालगंधर्वांच्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांत त्यांच्यासारखे गाणारे गावोगाव निघाले, त्यात तबकडीचा वाटा केवढा होता, यावर वेगळा लेख होऊ शकेल. माझा मुद्दा इतकाच की ‘हुबेहूब’ ही दाद आपली जुनी, मागासलेली सवय आहे असे मी त्या परीक्षणात गृहीत धरले होते, आणि ते चूक होते. ती यंत्राने लावलेली, विसाव्या शतकातली सवय आहे. जुनी सवय ‘तसे’ची होती.

आता रॉककडे. इंग्लंड-अमेरिकेत आणि हल्ली मुंबई-पुणे-बंगळूरच्या क्लबांतही एखादा बँड जाहीर करतो की आज आम्ही अमुक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवणार. त्यांना ट्रिब्यूट बँड म्हणतात. १९८८ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये निघालेला ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ हा त्यातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध. त्यांनी हे काम इतके चोख केले की १९९६ मध्ये मूळ पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याने आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवायला त्यांनाच बोलावले. कॅनडातल्या माँट्रिऑलचा ‘म्युझिकल बॉक्स’ हा संच जेनेसिस या बँडचे सत्तरच्या दशकातले कार्यक्रम वेशभूषेसकट पुन्हा उभे करतो. त्यांच्या जाहिरातीत वेगळेपणाचा दावा नसतो. उलट, काहीच वेगळे नाही हाच दावा असतो.

हे वाचून मराठी समीक्षकाच्या कपाळावर आठी येणे साहजिक आहे. माझ्या आली होती. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. बीटल्सनी ऑगस्ट १९६६ नंतर दौरे बंद केले. त्यानंतरच्या वर्षी आलेला ‘सार्जंट पेपर’ हा त्यांचा अल्बम त्यांनी स्वतः प्रेक्षकांसमोर कधीच सादर केला नाही. स्टुडिओत फिती जोडून, एकावर एक आवाज चढवून तो बनला होता. चार माणसांनी व्यासपीठावर वाजवण्याजोगा तो नव्हताच. त्यामुळे आज जो कोणी ट्रिब्यूट बँड तो अल्बम सलग वाजवतो, तो नक्कल करत असला तरी एका अर्थाने त्या कृतीचा रंगमंचीय प्रयोग प्रथमच करत असतो. मुद्रणात जे घडले त्याला शरीरे द्यावी लागतात: हा आवाज कोणी काढायचा, दोन हातांत तो मावतो का, मधल्या दोन सेकंदांत वाद्य बदलता येते का. प्रत म्हणून सुरू झालेले काम वाटेत भाषांतर होऊन बसते.

हे कळल्यावर मला गुरुजींची वही आठवली. मध्ये बरीच वर्षे गेली होती. ते निवृत्त झाले होते. मी मुद्दाम गेलो आणि वही मागितली. त्यांनी कसलेही आढेवेढे न घेता दिली. ती आठवडाभर माझ्याकडे होती.

छप्पन्न गीते निळ्या शाईत. प्रत्येक ओळीखाली लाल शाईत सरगम. मधले वाद्यांचे तुकडे हिरव्या शाईत, कोणी वाजवायचे त्याच्या खुणेसकट: ‘बें’ म्हणजे बेंजो, ‘पे’ म्हणजे पेटी. हे सारे ध्वनिफीत पुढे-मागे करून उतरवलेले. एके ठिकाणी समासात लिहिले होते, ‘सेल उतरले, पट्टी बदलली, उद्या पुन्हा ऐकणे.’ भारनियमनाच्या काळात टेपरेकॉर्डर सेलवर चालवला की सेल संपत आले की फीत मंदावते आणि सगळे गाणे अर्ध्या सुराने खाली घसरते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांनाच त्या एका ओळीतली मेहनत कळेल.

पण खरी गोष्ट पुढेच होती. हुबेहूबपणाचा ध्यास घेतलेल्या या वहीत पानोपानी मूळ सोडल्याच्या नोंदी होत्या. गुरुजींचा गळा फडक्यांएवढा वर जात नसे, म्हणून सगळे पुरुषांचे सूर खाली, पांढरी एकमध्ये. सीता, कौसल्या, शूर्पणखा यांच्या गीतांपुढे मात्र ‘वहिनी, काळी चार’. मी त्यांना विचारले, ध्वनिफितीत तर ही गाणीही फडकेच म्हणतात, मग तुम्ही वहिनींना का दिली? त्यांचे उत्तर सरळ होते : ‘‘बाईचं दुःख बाईच्या तोंडून बरं वाटतं. आणि मलाही तेवढाच दम खायला मिळतो.’’ आकाशवाणीवर ही गीते स्त्रियांनीच गायली होती हे त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितले तर त्यांचा विश्वास बसेना. मैफलीत आणि तबकडीत एकट्या गळ्यात मिटून गेलेली नाट्यरचना, दम खाण्याच्या सोयीसाठी का होईना, आमच्या पटांगणात पुन्हा उघडली गेली होती. मी ज्याला सावली म्हटले होते, ते मधली प्रत ओलांडून पहिल्या प्रतीच्या जास्त जवळ गेले होते.

सेतू बांधण्याचे समूहगीत घ्या. तबकडीत मागे वृंद आहे. गुरुजींच्या संचात पाच माणसे. वृंद कुठून आणणार? वहीत लिहिले आहे, ‘पोरे.’ शाळेतली दहा-बारा मुले पुढच्या रांगेत बसवलेली असत, आणि त्या गाण्याला ती जागेवरून उठून गात. मला ते परीक्षण लिहिताना त्या मुलांचा बेसूरपणा खटकला होता, आणि तसे मी छापलेही. वानरसेनेकडून मी काय अपेक्षा करत होतो कोण जाणे.

तबल्याचाही तोच प्रकार. तो वादक ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसात रात्र रात्र कव्वालीला वाजवणारा. त्याच्या हाताला कव्वालीची उठाण होती, टाळीच्या अंगाने लय पुढे ढकलण्याची. युद्धाच्या गीतांत ती अशी काही लागत असे की श्रोत्यांतले लोक टाळ्या धरत. ही गोष्ट फडक्यांच्या संयत साथीत कुठेही नाही. गुरुजींना ती चूक वाटे. वहीत दोन ठिकाणी लिहिले आहे, ‘तबला शांत ठेवणे’. तो ठेवत नसे. मला विचाराल तर त्या संध्याकाळी पटांगण धरून ठेवले ते त्या न ठेवलेल्या शांततेने, आणि हे मी तेव्हा लिहायला हवे होते.

गीतरामायणाच्या रचनेतच या सगळ्याचे एक उत्तर दडलेले आहे, ते मला फार उशिरा दिसले. पहिल्या गीतात लव-कुश गात आहेत आणि राम ऐकतो आहे. छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना रामापुढे जाऊन रामायण गायला सांगतो आहे. म्हणजे शेवट हा सुरुवातीच्या आधीचा प्रसंग आहे, आणि मधली सगळी गीते ही त्या दोन मुलांनी पाठ करून म्हटलेली. कौसल्येचे, दशरथाचे, सीतेचे शब्द आपण ऐकतो ते या दोन मुलांच्या तोंडून. रचणारा वेगळा, गाणारे वेगळे, आणि ज्याच्याविषयी गायचे तो समोर बसलेला. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातल्या चौथ्या सर्गात याच प्रसंगी सांगितले आहे की मुलांनी शिकवले तसे गायले. आणि ती मुले दिसायला कशी, तर रामाच्या देहातून निघालेली जणू दुसरी बिंबेच. आमच्या परंपरेतला पहिला मोठा गायनप्रयोग हा हुबेहूब दिसणाऱ्यांनी हुबेहूब केलेला आहे. त्यातली करुणा अशी की ऐकणाऱ्याला गाणारे आपली मुले आहेत हे माहीत नाही. माडगूळकरांनी ही चौकट घेतली आणि नेमकी तीच प्रत्येक हौशी संचाच्या उपयोगी पडते. एकट्याने सगळी पात्रे गायली तरी ते चौकटीत बसते, कारण लव-कुशांनीही तेच केले. पाच जणांनी वाटून गायली तरी बसते. अन्य भारतीय भाषांत या गीतांची भाषांतरे त्याच चालींवर गाता येतील अशी झाली, तीही तिच्यात बसली. चाल पुन्हा सुटी झाली.

या टप्प्यावर वाचक म्हणतील, मग तुमचे परीक्षण पूर्ण चूकच होते का? तसे नाही. नकलेत काहीच बिघडत नाही असे मला म्हणायचे नाही. ऐंशीच्या दशकात बाजारात आलेल्या स्वस्त ध्वनिफितींचा अनुभव आठवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक सोय होती : मूळ मुद्रण आधी निघालेले असले की ठरावीक मानधन भरून तेच गाणे दुसऱ्याच्या आवाजात मुद्रित करता येई. या वाटेने गुलशनकुमारांच्या टी-सीरिजने जुन्या गाण्यांची ‘व्हर्जन’ बाजारात ओतली. किशोरकुमारची गाणी कुमार सानूच्या, रफींची सोनू निगमच्या, लताबाईंची अनुराधा पौडवालांच्या आवाजात. वेष्टनावर मूळ गायकाचा चेहरा मोठा, खऱ्या गायकाचे नाव बारीक. आमच्या बसस्थानकासमोरच्या दुकानात हीच मिळत. गावातल्या ऑर्केस्ट्राचा गायक रफींचे गाणे बसवायचा तेव्हा तो कित्येकदा रफींची नव्हे, नकलेची नक्कल करत असे, आणि त्याला ते माहीतही नसे. (२०१२ च्या दुरुस्तीने यासाठी मुदत पाच वर्षांची झाली आणि वेष्टनावर मूळ गायकाचे चित्र छापायला मनाई आली, तोवर ध्वनिफिती संपल्याच होत्या.) तिथली नक्कल श्रोत्याला फसवण्यासाठी होती, किंवा निदान त्याने नीट पाहू नये अशी व्यवस्था होती. पटांगणातल्या नकलेत फसवणूक नाही. समोर पोट सुटलेले, घामाघूम गुरुजी दिसत असतात. ‘डोळे मिटले की बाबूजी’ म्हणणाऱ्याला डोळे मिटावे लागतात, आणि तो पुन्हा उघडतोच.

कायद्याने हा फरक आपल्या परीने ओळखला आहे ही एक गमतीची बाब. त्याच कायद्यात हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला वेगळ्या परवानगीची गरज ठेवलेली नाही. रामनवमीचे पटांगण त्यात येते. तिकीट लावून होणारी ‘ऑर्केस्ट्रा रजनी’ येत नाही.

आता नकलेचे केंद्र पुन्हा हलले आहे. गेल्या काही वर्षांत जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी कराओके क्लब निघाले आहेत. आमच्याकडेही आहेत. निवृत्त अभियंते, डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका आठवड्यातून एकदा जमतात, मोबाइलवरून ट्रॅक लावतात, पडद्यावर शब्द सरकतात, माणूस गातो. साथ इथे खरोखर हुबेहूब असते. ज्या व्हायोलिनच्या तुकड्यासाठी बेंजोवाला मुलगा आठवडाभर घासत असे तो बोट लावताच वाजतो. मी तिथे जातो, कधी गातोही, वाईट गातो. मला या क्लबांची टवाळी करायची नाही. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बायकांनी रात्री-अपरात्री जीप-टेम्पोतून प्रवास केला, आणि त्याबद्दल गावाने त्यांच्याविषयी काय काय बोलले, हे मी ऐकलेले आहे. आमच्या क्लबातल्या एका परिचारिकेने मला सांगितले की तिला लहानपणापासून गायचे होते, पण पेटी-तबला घरी बोलवायचा तर चार पुरुषांची परवानगी लागली असती. ट्रॅकला कोणाची परवानगी लागत नाही. ही मिळकत छोटी नाही.

तरीही काय गेले ते सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी त्याच पटांगणात गीतरामायणाचा कार्यक्रम झाला, नव्या पिढीचा, ट्रॅकवर. गाणारा तरुण आवाजाने गुरुजींपेक्षा कितीतरी तयार. भरताची समजूत घालणाऱ्या त्या यमनाच्या अंगाच्या प्रसिद्ध गीतात लोकांनी एका कडव्याला वन्स मोअर दिला. तो तरुण हसला, हात जोडले, आणि पुढे गेला. ट्रॅक थांबणार नव्हता. गुरुजी अशा वेळी ते कडवे तीन तीनदा घेत. दुसऱ्या वेळी हळू, तिसऱ्या वेळी नुसत्या पेटीवर, तबला थांबवून. आणि मागच्या बाजूला बसलेल्या बायकांमध्ये कोणीतरी पदर डोळ्याला लावलेला दिसला की मगच पुढचे. हे ‘मग’ ट्रॅकमध्ये नसते. पट्टी बदलता येते आता, वेगही बदलता येतो, पण आधी. गाणे सुरू झाल्यावर श्रोता काहीही करो, साथ त्याच्याकडे पाहत नाही. प्रत जितकी अचूक, तितकी ती समोरच्याला बहिरी. रॉकचे ट्रिब्यूट बँडही याच पेचात आहेत. प्रकाशझोत आणि पडद्यावरची चित्रे संगणकाला बांधली की चार जिवंत माणसांना संगणकाच्या ठोक्यावर वाजवावे लागते.

आणि वादक गेले. बेंजोवाला मुलगा (आता मुलगा कसला, नातवंडे आहेत) वाशी तालुक्यात त्याच्या गावी शेती करतो. बेंजोच्या तारा मिळत नाहीत म्हणाला. तबलावादक वारले. त्यांचा मुलगा डीजेचा व्यवसाय करतो, आणि त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा ध्वनिक्षेपक त्याचाच होता. मी त्याला वडिलांच्या उठाणीविषयी विचारले. त्याने मोबाइल काढून एका लग्नातले तीस-चाळीस सेकंदांचे चित्रण दाखवले. आवाज फाटलेला, पण हात स्पष्ट दिसतो. गीतरामायणातले त्याच्याकडे काहीच नाही. गुरुजींच्या संचाचे कधी मुद्रण झाले नाही. त्यांना तशी गरजच वाटली नसावी. मुद्रण तर बाबूजींचे होते ना.

त्यामुळे या विषयावर लिहायला बसलो तेव्हा आधार म्हणून माझ्यापाशी दोनच कागद होते : माझ्या परीक्षणाचे पिवळे पडलेले कात्रण आणि ती वही. गुरुजी गेल्यावर वही त्यांच्या पुतण्याकडे आहे. त्याने मला तिची छायाप्रत काढू दिली. छायाप्रत काळी-पांढरी असल्याने निळी, लाल, हिरवी शाई एकाच रंगाची झाली आहे आणि कुठला सूर गळ्याचा, कुठला बेंजोचा, हे आता ओळखू येत नाही. काही पानांवर मूळ वहीतच पेन्सिलीने दुसऱ्या हस्ताक्षरात खुणा आहेत. पुतण्या म्हणाला, त्या वहिनींच्या, म्हणजे त्याच्या आईच्या. त्या अजून आहेत, ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना भेटलो. सीतेच्या शेवटच्या गीतापुढे पेन्सिलीने ‘इथे थांबणे’ असे लिहिलेले दाखवले आणि विचारले, ध्वनिफितीत तर इथे कुणी थांबत नाही, तुम्ही का थांबत होता? त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘तिथं भाऊजी नेहमी पेटीवरून माझ्याकडं बघायचे. म्हणून थांबत होते.’’